रमिलाबाईंचा दाणा

"मागच्या सात दिवसांत तुम्ही एखाद्या फुलाचा वास थांबून घेतलात का?"

स्वप्नालीने टॅबवरचा प्रश्न शाळेत धडा वाचावा तसा वाचला आणि मान वर केली. रमिलाबाई विचारात पडल्या. त्यांचा एक हात पिशवीत होता, मुठीत ज्वारी होती, समोर तलावाच्या काठावर कावळ्यांची पंगत ताटकळली होती, आणि ही पोर फुलाचं विचारत होती.

"देवनं फूल हुंगत नहीत, बेटा. उष्टं व्हई जास," त्या म्हणाल्या.

स्वप्नाली हसली. टॅबवर रोज, कधी कधी आणि कधीच नाही एवढ्याच चौकटी होत्या. देवाला फूल उष्टं होऊ नये म्हणून न हुंगणाऱ्यांसाठी चौकट नव्हती. तिने नाइलाजाने 'कधीच नाही' दाबलं आणि पुढचा प्रश्न वाचला. मागच्या सात दिवसांत तुम्ही पक्ष्यांचा आवाज थांबून ऐकलात का? यावर रमिलाबाई म्हणाल्या की कावळे एवढे कोकलतात, तुझाच आवाज ऐकायला मला थांबावं लागतंय. हे मात्र 'रोज'मध्ये बसलं.

रमिलाबाईंच्या घरात गुजर बोली, गावात अहिराणी आणि या टॅबवर पुस्तकी मराठी. तीन बोलींतून वाट काढत दर शनिवारी सकाळी हा कार्यक्रम चाले. स्वप्नाली रनाळ्याची, बीएस्सी झालेली, स्कूटीवरून कोरीटला येणारी. पुण्याच्या एका संस्थेने गावचा तलाव गाळ काढून खोल केला होता, काठाला बाभळी आणि करंज लावले होते, दोन बाकं टाकली होती. आता त्यांना दोन गोष्टी मोजायच्या होत्या. एक म्हणजे तलावावर पक्षी किती वाढले. ते काम भाग्येश सरांचं, ते महिन्यातून एकदा दुर्बीण गळ्यात घालून येत. दुसरी म्हणजे माणसांचा निसर्गाशी संबंध किती वाढला. ते काम स्वप्नालीचं. पक्षी मोजणं त्यातल्या त्यात सोपं, पक्षी खोटं बोलत नाहीत.

प्रश्नावलीच्या शेवटी चित्रं असत. प्रत्येक चित्रात दोन गोल, एक म्हणजे तुम्ही आणि एक म्हणजे निसर्ग. पहिल्या चित्रात ते लांब लांब, मग जवळ येत येत शेवटच्या चित्रात एकावर एक ठेवलेल्या भाकरींसारखे. यातलं तुमचं चित्र कोणतं? पहिल्यांदा विचारलं तेव्हा रमिलाबाईंना काहीच उमगलं नव्हतं. पण बोट शेवटच्या चित्राकडे गेलं की पोरीचा चेहरा उजळतो, हे त्यांनी हेरलं. मास्तरांना हवं ते उत्तर द्यायची विद्या चौथीपर्यंत येऊन जाते आणि रमिलाबाई चौथी पास होत्या. तेव्हापासून त्या दर वेळी एकावर एक ठेवलेल्या भाकरी दाखवत.

"शनवारले येशी ना?" पोरीने टॅब पिशवीत घातला की त्या विचारत. ती येणारच असे, ते तिचं कामच होतं. तरी त्या विचारत, कारण आठवड्यात त्यांना समोर बसून कुणी काही विचारी तो हा एकच दिवस होता.

दाण्याची सवय मूळची त्यांच्या यजमानांची, चुनीलालभाऊंची. त्यांच्या घरात आधी पाखरांचा दाणा आणि मग माणसांचा चहा हा वाडवडिलांपासूनचा रिवाज. पण चुनीलालभाऊंनी तो गच्चीवरून उचलून तलावाच्या काठी नेला होता. केळीच्या बागेला जायच्या वाटेवर तलाव पडे. रोज सकाळी ते पिशवी घेऊन निघत, काठावरच्या उघड्या खडीवर मूठमूठ ज्वारी टाकत आणि कावळ्यांशी बोलत उभे राहत. घरात बायकोशी बोलायला त्यांचे शब्द महाग होते, कावळ्यांशी मात्र जीभ सैल सुटे. काय बोलतात ते रमिलाबाईंनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर "काही नाही" एवढंच उत्तर मिळालं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

ते गेले त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी सगळे पांगले, मुलगा गोपालही सुरतेला परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी रमिलाबाई सहज तलावाकडे गेल्या, तर खडीवर कावळे बसून होते. कुणी दाणा टाकत नव्हतं तरी रोजच्या वेळेला येऊन, वाटेकडे तोंड करून बसले होते. रमिलाबाई तशाच घरी गेल्या आणि कोठीतली ज्वारी पिशवीत भरून परत आल्या. त्या दिवसापासून खंड पडला नाही.

पडला तो एकदाच. गोपाल त्यांना महिनाभर सुरतेला घेऊन गेला तेव्हा. मुलगा वाईट नव्हता, सून कामिनीही नाही. वेळेवर जेवण, हातात रिमोट, झोपायला स्वतंत्र खोली. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की रमिलाबाई आणि फ्रीज एवढेच दोघे उरत, आणि दोघांतला फ्रीज जास्त बोले. बाल्कनीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी लावलेली होती. एकदा त्यांनी जाळीतून चार दाणे बाहेर टाकले तर खालच्या मजल्यावरून तक्रार आली. महिना संपला तशी त्यांनी गाठोडं बांधलं. मी नसले तर पाखरं उपाशी राहतात, दाणा आता माझ्या नावावर आहे, असं त्या म्हणाल्या. गोपाल देवधर्म मानणारा, या कारणापुढे त्याचं काही चालेना. पुढे दर रविवारी फोनवर तो "आता कायमची ये" म्हणे आणि त्या "पाखरांचं काय?" म्हणत. रमिलाबाई याच प्रश्नाच्या आधारावर गावात राहत होत्या.

मग संस्थेच्या छायाचित्रकाराने त्यांचा फोटो काढला. उजाडतानाचं ऊन, हवेत उधळलेली ज्वारी आणि कावळ्यांच्या मधोमध डोक्यावर पदर घेतलेल्या रमिलाबाई. त्याचा भलामोठा फलक तलावाच्या फाटकाशी लागला. गोपालने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, म्हसावदच्या भाच्यापासून सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. गावातल्या बायकांनाही मग तलाव दिसू लागला. शेजारची जसोदाबाई आधी नुसती बघायला आली, मग स्वतःची बाजरी घेऊन आली, मग तिच्यामागे गल्ली आली. कुणी कालची भाकरी कुस्करून आणी, कुणी शेव-मुरमुरे. बाकं भरू लागली. स्वप्नालीचा टॅब दुपारपर्यंत मिटेना. संस्थेच्या तलावांमध्ये निसर्गाच्या ओढीच्या गुणांत कोरीट पहिलं आल्याचं तिने आनंदाने सांगितलं.

"हाई सगळं तुन्हामुये, मोठी माय," ती म्हणाली. रमिलाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि विषय बदलला. पण घरी जाताना त्या फाटकापाशी जरा रेंगाळल्या आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी फलकावरच्या स्वतःला डोळे भरून बघून घेतलं.

होळी होऊन गेली होती. एका शनिवारी स्वप्नाली आली ती टॅब न काढताच बाकावर बसून राहिली. बायका दाणा टाकून घरी गेल्या. रमिलाबाईंना वाटलं, पोरीचं लग्न ठरलं असावं.

"माय, एक सांगनं शे. रागे नको भरू," ती शेवटी म्हणाली.

मग ती खाली बघत सांगत गेली. भाग्येश सरांनी दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले होते. माणसं वाढली, तशी कावळे आणि कुत्रीही वाढली. काठावरच्या खडीत जमिनीवर अंडी घालणारी पाखरं मात्र घटत चालली. टिटव्यांच्या जोड्या पूर्वी बऱ्याच होत्या, आता एकच उरली होती आणि तिचंही अंडं टिकत नव्हतं. दाण्यासाठी आलेले कावळे दाणा संपल्यावर अंडी शोधत फिरतात, असं सरांचं म्हणणं. दाणा टाकणं थांबलं तर बरं. हे बायकांना सांगायचं आणि सगळ्यात आधी रमिलाबाईंना सांगायचं काम सरांनी स्वप्नालीवर सोपवलं होतं.

रमिलाबाई ऐकत होत्या. कावळे, कुत्री, आकडे, सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. टिटवीचं नाव आलं तशा त्या ताठ झाल्या.

"टिटवी?" त्या म्हणाल्या. "ज्या दिन मन्हा मालक गयात त्या दिन पहाटले ती अवदसा मन्हा घरवरथून कोकलत गयी. तिन्हाकरता मी मन्हा कावये उपाशी मारू?"

टिटवी घरावरून ओरडत गेली की घरातलं माणूस जातं, हे स्वप्नालीलाही तिच्या आईने सांगितलं होतं. बीएस्सीच्या पुस्तकात त्याचं खंडन नव्हतं आणि मंडनही नव्हतं.

"फोटो काढा तवय दाना चांगला व्हता," रमिलाबाई पुढे म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ह्या कावयास्शिवाय मन्ही वाट कोनी देखत नही, पोरी. तुन्हा सरले सांग."

पोर रडवेली होऊन गेली. त्या दिवशी प्रश्न विचारायचे राहिले. रमिलाबाईंना दिवसभर जेवण गोड लागलं नाही. ज्या पोरीची आठवडाभर वाट बघायची तिलाच आपण लावून बोललो, याचं वाईट वाटत होतं आणि राग तर गेलाच नव्हता. आपल्या कावळ्यांवर आळ आला आहे, असं त्यांना वाटत होतं. ते चुनीलालभाऊंच्या हातचं खाल्लेले कावळे होते. तो आळ स्वतःच्या डोळ्यांनी खोटा ठरवायचा असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्या दाणा टाकून घरी गेल्या नाहीत. बाभळीखाली, वाटेवरून दिसणार नाही अशा जागी, पाय पोटाशी घेऊन बसल्या. कावळ्यांनी दाणा टिपला, भांडणं केली, चोची दगडावर पुसल्या. बरेचसे उडून गेले. थोडे मागे राहिले. त्यांची चाल चोरांची नव्हती. जेवण झाल्यावर पुरुष माणसं अंगणात शतपावली घालतात तसे ते खडीवरून चालत होते. रमिलाबाईंना हायसं वाटलं.

तेवढ्यात टिटवी ओरडली. इतक्या जवळून तिला त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पिवळ्या उंच पायांची, डोळ्यापुढे लाल चामडीची, एवढीशी. ती एका कावळ्यावर झेपावली, तो उडाला, पुन्हा पुढे बसला. ती पुन्हा झेपावली. मग तिने एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर ओढत लंगडायला सुरुवात केली, मी सापडते आहे, मला धरा, असं म्हणत कावळ्याला दुसरीकडे न्यायला बघू लागली. कावळा दोन पावलं तिच्यामागे गेलाही. आणि तेवढ्यात मागून दुसऱ्याने खडीतून काहीतरी उचललं. दगडासारखंच ठिपकेदार काहीतरी. तो समोरच्या बांधावर जाऊन बसला आणि चोचीने फोडू लागला. त्याच्या चोचीच्या बाजूला अजून ज्वारीची फोलपटं चिकटलेली असतील, असं उगीच रमिलाबाईंच्या मनात आलं.

टिटवी त्याच्याभोवती किंचाळत फिरली. मग थकून खाली उतरली. धावत धावत आली, थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि खडीतल्या त्याच जागेवर, पंख जरा सैल सोडून, पिसं सावरून, हलकेच बसली. खाली आता काही नव्हतं. तरी ती बसली आणि बराच वेळ बसून राहिली.

रमिलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तेराव्यानंतरच्या त्या सकाळी पाखरांचा दाणा टाकून त्या घरी आल्या होत्या तेव्हा त्यांनी सवयीने दोन कप चहा ठेवला होता आणि दुसरा कप समोर ठेवून अशाच बसून राहिल्या होत्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आता त्यांना दुसरंही काही कळलं. त्या पहाटे घरावरून ओरडत गेलेली टिटवी त्यांच्याकडे मुळी आलीच नव्हती. तिला चुनीलालभाऊंशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या मागे कुत्रं लागलं असेल, नाहीतर अंडं गेलं असेल. ती आपल्या घराचं रडत चालली होती आणि इतकी वर्षं आपण तिला शिव्या घातल्या. रमिलाबाई बाभळीखाली बसून पदर तोंडाला लावून रडल्या. थोड्या टिटवीसाठी आणि बऱ्याचशा स्वतःसाठी.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दाणा नेला नाही.

बोलायला हे एक वाक्य आहे. करायला अवघड गेलं. पहिल्या सकाळी त्या पिशवीशिवाय फाटकापर्यंत गेल्या, तर कावळे वाटेवर उतरून सामोरे आले. त्यांच्या हाताकडे बघत थोडं अंतर मागे चालले. रमिलाबाईंनी तोंड फिरवलं आणि आल्या पावली परतल्या. घरी येऊन त्यांनी गच्चीवर परात मांडली. तलावावर नाही तर नाही, इथे या, असं त्यांच्या मनात होतं. पण कावळ्यांना तलाव ठाऊक होता, रमिलाबाईंचं घर ठाऊक नव्हतं. परातीवर चार चिमण्या आल्या, एक खार आली. कावळे तलावावरच बसून होते. ओळख आपल्याशी नव्हती, खडीशी होती, हे समजायला त्यांना आठवडा लागला आणि ते पचायला अजून जास्त.

बायकांना त्यांनी सांगितलं तेव्हा जसोदाबाई फणकारली. पुण्याच्या लोकांना पुण्यकर्माचं काय कळतं, असं ती म्हणाली. तरी रमिलाबाईच थांबल्या म्हटल्यावर बाकीच्यांचाही उत्साह ओसरला. दाणा नाही तर तलावावर जाऊन करायचं काय? नुसतं बघत बसायचं? बाकं पुन्हा रिकामी झाली. फाटकाशी फलक मात्र तसाच होता. त्यावरच्या रमिलाबाई हात वर करून रोज ज्वारी उधळत राहिल्या आणि खालून खऱ्या रमिलाबाई त्यांची नजर चुकवून जात.

रविवारी गोपालचा फोन आला. नेहमीप्रमाणे तो "कायमची ये" म्हणाला. नेहमीचं उत्तर रमिलाबाईंच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. खोटं बोलायचं मनात आलं नव्हतं असं नाही. त्याला सुरतेत बसून कुठे कळणार होतं? पण ज्या दाण्याच्या जोरावर इतके दिवस मुलाला थोपवलं, त्याच्याच नावाने खोटं बोलायला जीभ रेटेना. त्यांनी दाणा बंद केल्याचं सांगून टाकलं. मग गोपाल अगदी मऊ आवाजात म्हणाला की, मग आता तिथे तुला काय आहे, आई. मुलांना सुट्टी लागली की मी गाडी घेऊन येतो. त्याच्या आवाजात जिंकल्याचा भाव असता तर त्या भांडल्या असत्या. तो नव्हता. त्या "बरं" म्हणाल्या.

पाहणीचा शेवटचा शनिवार वैशाखात आला. तलावाचं पाणी मागे सरकलं होतं, खडीचा पट्टा रुंद झाला होता. स्वप्नाली आणि रमिलाबाई बाकावर दोघीच होत्या. त्या दिवशीच्या बोलण्यानंतर पोर पुढच्याच शनिवारी आली होती आणि दोघींपैकी कुणीही तो विषय पुन्हा काढला नव्हता. आज तिने सांगितलं की टिटवीने पुन्हा अंडी घातली आहेत, सरांनी दुरून बघितली, कावळे बरेच पांगले आहेत. रमिलाबाईंनी मान हलवली. त्यांना ठाऊक होतं. त्या रोज बाभळीपर्यंत येत आणि तिथूनच परत जात.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या सात दिवसांत तुम्ही इथे पक्ष्यांना खाऊ घातलं का? नाही. पाण्याच्या अगदी कडेला जाऊन बसलात का? नाही. इतरांना सोबत आणलंत का? नाही. स्वप्नालीचं बोट खालच्या खालच्या चौकटीवर पडत गेलं. काय काय केलंत ते सगळं टॅबवर विचारलेलं होतं. काय करायचं सोडलंत, हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. शेवटी दोन गोलांची चित्रं आली. स्वप्नालीने सवयीने शेवटच्या चित्राशी बोट नेऊन ठेवलं.

"ते नही," रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी टॅब हातात घेतला, जरा लांब धरून बघितला आणि पहिल्या चित्रावर बोट टेकवलं. दोन गोल, एकमेकांपासून सुटे, मध्ये मोकळी जागा.

"माय, हाई त् एकदम लांब शेतस. आपला गुन कमी व्हतीन."

"व्हऊ दे. तिले लांबथूनच बरं."

स्वप्नालीने त्यांच्याकडे बघितलं, मग टॅबकडे बघितलं. ते एक बोट फिरवून बदलणं तिच्या हातात होतं. तिने बदललं नाही. टॅबवर धन्यवाद अशी अक्षरं आली आणि पडदा काळा झाला. प्रश्नावलीत नसलेला एक प्रश्न मग तिने विचारला, सुरतेहून परत कधी येशील म्हणून. रमिलाबाई बघू म्हणाल्या. जाताना पोरीने वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि या वेळी शनिवारचं काही विचारलं नाही.

गोपाल आला तेव्हा रमिलाबाईंचं सामान ओट्यावर तयार होतं. कोठीतली उरलेली ज्वारी त्यांनी जसोदाबाईला देऊन टाकली होती, पाखरांना नको, भाकरी करून खा, असं बजावून. घराला कुलूप लागलं. गाडी तलावाच्या वाटेवर आली तशी त्या थांब म्हणाल्या. गोपालने गाडी बाभळीच्या सावलीत लावली. ऊन चढायच्या आत निघू, असं तो म्हणाला, पण मागे लागला नाही.

तारेच्या खांबांवर दोनतीन कावळे बसले होते. रमिलाबाई त्यांच्या खालून गेल्या. त्यांनी एकदा खाली बघितलं आणि पुन्हा पाण्याकडे मान फिरवली. रिकाम्या हातांची बाई त्यांच्या ओळखीची नव्हती.

आज त्या बाभळीच्या पुढे गेल्या. थोडंच पुढे. खडीतून काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. दगडांना पाय फुटावेत तशी इवलीशी पिल्लं पाण्याकडे धावत होती. रमिलाबाईंना ती नीट मोजताही आली नाहीत, कारण त्याच क्षणी टिटवी किंचाळत वर उठली आणि थेट त्यांच्या डोक्यावरून झेपावत गेली. परत फिरली, पुन्हा आली. डोक्यावरचा पदर वाऱ्याने हलला इतक्या जवळून गेली. रमिलाबाई तिच्या लेखी कावळ्यासारख्याच होत्या, कुत्र्यासारख्याच होत्या. यांच्यासाठी कुणी काय सोडलं, हे तिला कोण सांगणार आणि कुठल्या बोलीत?

रमिलाबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि पंजे उघडून तिला दाखवले.

"देख. काही नही मन्हा हातमा," त्या म्हणाल्या. "मी जास वं माय, जास."

टिटवी ओरडत राहिली. रमिलाबाई तिच्याकडे पाठ न करता, पाय जपून टाकत, मागे मागे सरकल्या. बाभळीपाशी आल्या तेव्हा ओरडणं थांबलं. मग त्यांनी हात खाली घेतले, पदर सारखा केला आणि गाडीत जाऊन बसल्या.